फडताळाची किल्ली

माझे लेखन परदेशात वाचले जाते हे मला प्रथम कळले ते २००४ सालच्या गणपतीत.

बातमी आणली आमच्या पुतण्याने. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणजे घरातल्या कुठल्याही यंत्राचे झाकण उघडायचा त्याला कायदेशीर हक्क प्राप्त झाला होता. मी मोदकांच्या ताटावरून नुकताच उठलो होतो. तो संगणकासमोरून ओरडला, "काका, ब्राझीलमधला एक माणूस तुमचं काहीतरी उतरवून घेतोय!"

ब्राझीलशी माझा संबंध कॉफी आणि पेले यांच्यापुरता. तोही एकतर्फी. मी धोतर सावरत धावलो. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि तिच्या शेजारी माझ्याच एका फाइलीचे नाव होते. पट्टी टोकाला पोचली आणि नाहीशी झाली. पुतण्या म्हणाला, "गेली!"

हकिकत अशी. महिन्यापूर्वी मीच त्याला जुनी नाट्यगीते मिळवून दे म्हणून सांगितले होते. त्याने कुठलासा एक प्रोग्रॅम बसवला. बसताना तो प्रोग्रॅम बरेच प्रश्न विचारत होता आणि मी, निवृत्त कारकुनाच्या सवयीने, न वाचता प्रत्येक ठिकाणी 'हो' म्हणत होतो. त्यातला एक प्रश्न असा होता की, तुमची गाणी कुठल्या फोल्डरात आहेत, आणि ते फोल्डर सर्वांसाठी खुले ठेवू का? गाणी होती 'घर' नावाच्या फोल्डरात. मी 'हो' म्हटले. पण त्याच 'घर'मध्ये माझे सारे घर होते. पेन्शनचा हिशेब, सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलेल्या आणि न पाठवलेल्या पत्राचे चार खर्डे, बँकेतल्या खात्यांचे आकडे, आणि माझ्या भाचीची लग्नासाठी केलेली माहिती. भाचीचे नाव माधुरी. फाइलीला मी अत्यंत निष्पाप मनाने आणि रोमन लिपीत 'माधुरी फोटोसहित' असे नाव दिले होते.

महिन्याभरात जगातल्या तिघांनी ती फाइल नेली होती. तिघेही नटीच्या शोधात आले असणार आणि त्यांच्या पदरात पडले काय, तर बी.कॉम., रंग निमगोरा, देवगण, मंगळ नाही, विणकामाची आवड. सोसायटीच्या पत्राला मात्र कोणी हात लावला नव्हता. ते खरे वाङ्मय होते.

ही आतून येऊन सगळे ऐकून गेली आणि जाता जाता म्हणाली, "त्या तिघांत कोणी बरा असला तर चौकशी करा. तेवढाच एक फेरा वाचेल."

आम्ही हसलो खरे, पण बँकेचे आकडे आठवले तसा पोटात गोळा आला. आपले फडताळ महिनाभर सताड उघडे होते, रस्त्यावरून जाणारा-येणारा आत डोकावत होता आणि आपण शेजारच्या खोलीत नाट्यगीते ऐकत होतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या प्रकरणाचा इतिहास वाचायला घेतला. (घराला चोरी झाली की काही लोक कुलूप आणतात. मी पुस्तके आणतो. म्हणून आमच्याकडे पुन्हा चोरी होते, असे हीचे मत आहे.)

तर हे फोल्डर वाटण्याचे वेड फार जुने नाही. १९९९ सालच्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने 'नॅपस्टर' काढले. युक्ती साधी होती. गाणी लोकांच्या आपापल्या संगणकांवरच राहायची. नॅपस्टरकडे असायची ती फक्त यादी, कोणाकडे काय आहे याची. प्रत्येक वाड्यात अशा एक काकू असतात. त्यांच्या स्वतःच्या घरात काही नसते, पण पुरणयंत्र कोणाकडे, मोठे पातेले कोणाकडे, पाळणा कोणाकडे रिकामा आहे, हे सारे त्यांना तोंडपाठ. काकूंना विचारायचे आणि त्या घरी जाऊन मागून आणायचे. नॅपस्टर म्हणजे त्या काकू.

पण काकूंना सगळे माहीत असते, म्हणजे काकूंकडून सगळे कळतेही. डिसेंबर १९९९ मध्ये गाण्यांच्या कंपन्यांनी नॅपस्टरवर फिर्याद केली. मे २००० मध्ये 'मेटॅलिका' या वाद्यवृंदाचा ढोलकीवाला लार्स उलरिक कागदांची खोकीच्या खोकी घेऊन नॅपस्टरच्या दारात हजर झाला. त्या कागदांवर त्यांची गाणी वाटणाऱ्या ३,३५,४३५ जणांची नावे होती! म्हणजे, टोपणनावे, पण होती. इतकी नावे आमच्या वॉर्डाच्या मतदारयादीतही नसतात. जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. काकूंचे तोंड बंद झाले आणि वाडा मुका झाला.

मग कोणीतरी म्हणणारच, की काकू हव्यातच कशाला? १४ मार्च २००० रोजी जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर या दोघांनी 'नूटेला' सोडले. हे नाव त्यांनी पावाला लावायच्या एका चॉकलेटच्या चटणीवरून अर्धे उचलले होते. यात यादी ठेवणारे कोणीच नाही. आपण आपल्या शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असे सात घरे विचारणे पुढे जायचे. माधुकरी पाच घरची असते, ही सात घरची. त्यांची कंपनी ज्या मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, तिला हे कळताच एका दिवसात तिने तो प्रोग्रॅम काढून टाकायला लावला. पण तोवर हजारो लोकांनी तो नेला होता. दळण रस्त्यात सांडले की भरून घेता येते थोडेच!

काकू गेल्या, तरी दार उघडेच होते. वस्तू देणाऱ्याचा पत्ता घेणाऱ्याला दिसतच होता, आणि फोल्डरात काय काय गेले आहे हे मालकाला दिसत नव्हते. २००२ मध्ये नॅथॅनियल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग या दोघांनी 'कझा' या तेव्हाच्या लोकप्रिय प्रोग्रॅमवर एक प्रयोग केला. बारा माणसांना संगणकासमोर बसवले आणि विचारले, यातले काय काय जगाला दिसते आहे ते सांगा. बरोबर उत्तर किती जणांनी द्यावे? दोघांनी! शिवाय त्यांनी बारा तास नुसता शोध घेतला, तर आपली टपालाची अख्खी पेटी नकळत उघडी टाकून बसलेली १५६ माणसे सापडली. हे वाचून मला फार बरे वाटले. आपण एकटेच गाढव नाही, या जाणिवेइतके दुसरे औषध नाही.

इथवर मी पुतण्याला ऐकवले, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही वाचताय त्याच्या पुढची गोष्ट आहे. फ्रीनेट."

इयन क्लार्क नावाचा एक आयरिश मुलगा एडिंबरा विद्यापीठात शिकत होता. शेवटच्या वर्षाला प्रबंध द्यावा लागतो म्हणून त्याने १९९९ मध्ये एक योजना लिहून दिली. परीक्षकांनी 'बी' श्रेणी दिली. मार्च २००० मध्ये तिच्यावरून केलेला प्रोग्रॅम लोकांच्या हाती आला.

यातली कल्पना ऐकून मी प्रथम चष्मा पुसला. आतापर्यंतच्या प्रकारांत आपले फोल्डर आपल्या घरी असायचे आणि लोक येऊन न्यायचे. फ्रीनेटमध्ये उलटे. आपण फोल्डर आत सोडले, की त्याचे बत्तीस-बत्तीस किलोबाइटचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला कुलूप लागते आणि ते तुकडे अनोळखी माणसांच्या घरी राहायला जातात. मग आपण आपला संगणक बंद करून काशीला गेलो तरी चालते. फोल्डर जगात आहेच. ज्याच्यापाशी किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ, असेल त्याला ते तुकडे हाताहाताने पोचतात. मधल्या प्रत्येक हाताला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा माहीत. अलीकडचा स्वतःसाठी मागतो आहे की दुसऱ्यासाठी, तेही कळत नाही. आणि तुकडा ज्या ज्या घरावरून जातो, तिथे त्याची एकेक प्रत राहते. म्हणजे जे जास्त मागितले जाते ते आपोआप जास्त ठिकाणी साठते. एखादी वस्तू जप्त करायला कोणी निघाला, तर त्याच्या शोधानेच तिच्या प्रती वाढायच्या!

मात्र जे कोणीच मागत नाही, ते जागा भरली की हळूहळू पुसले जाते. हे ऐकून लेखक म्हणून माझ्या छातीत कळ आली. सरकार, राजा, धर्मपीठ, पोलीस, कोणीही जाळू शकत नाही अशी व्यवस्था माणसाने अखेर शोधून काढली, तर त्यातही वाचकाने ढुंकून पाहिले नाही की संपले. याबाबतीत फ्रीनेट आणि आमची ग्रंथालये यांचे नियम सारखेच आहेत.

"पण काका," पुतण्या म्हणाला, "याच्या बदल्यात आपल्या डिस्कमधली थोडी जागा द्यावी लागते. लोकांचे तुकडे आपल्याकडे राहतात. कुलूप लावलेले."

"त्यात काय असतं?"

"ते आपल्याला कळत नाही. तीच तर गंमत आहे!"

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज एकदम थांबला. ही दारात आली. "म्हणजे लोकांच्या बंद पेट्या आपण घरात ठेवायच्या, किल्ली आपल्याकडे नाही, मालक कोण ते माहीत नाही. आणि उद्या आत मढं निघालं म्हणजे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो या साऱ्या प्रकाराला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. जिथे सरकारला छळलेला माणूस लपतो, तिथेच सरकारला हवा असलेला भामटाही लपतो, आणि भामट्याहून फार वाईट माणसेही. अंधार निवड करीत नाही. अमेरिकेच्या आरमाराच्या संशोधनशाळेलाही हे वेगळ्या बाजूने कळले होते. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी नाव लपवून बोलण्याची 'कांद्याच्या पापुद्र्यांची' पद्धत काढली. तीच पुढे 'टॉर' झाली. पण बुरखा फक्त आरमारानेच घातला, तर बुरख्यातला प्रत्येक माणूस आरमाराचाच, हे शेंबडे पोरही ओळखील. म्हणून तो साऱ्या जगाला फुकट द्यावा लागला. साऱ्या जगात मग सारे जग आले.

हे उघडे ठेवून लपवणे कधीपासूनचे, म्हणून मी आणखी मागे गेलो. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी फ्रीनेटच्या आधी, १९९६ मध्ये, कोणालाही पुसता न येणाऱ्या साठ्याची एक कल्पना मांडली होती. तिचा दाखला त्यांनी बायबलाच्या इतिहासातून दिला. इंग्रजीतले बायबल आधी हाताने लिहिले जाई, तेव्हा प्रती थोड्या आणि जाळणे सोपे. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये नवा करार छापला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडात धाडला. लंडनच्या बिशपने प्रती जाळल्या. पुढे तर त्याने व्यापाऱ्यामार्फत प्रती विकतच घेतल्या, आणि त्या पैशांतून टिंडेलने सुधारलेली आवृत्ती काढली, असा किस्सा तेव्हाच्या एका बखरीत आहे. आपली पुस्तके विकली जात नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्या लेखकांनी एखादा बिशप गाठावा. टिंडेलला मात्र १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ गळा आवळून जाळले. प्रती जाळून संपत नव्हत्या, माणूस एकच होता. आपले नाव कोणाला कळलेच नसते तर तो वाचला असता का, हा विचार माझ्या मनात फार वेळ राहिला.

याचे उत्तर मला मॉस्कोत सापडले. एप्रिल १९६८ मध्ये तिथे एक टंकलिखित पत्रिका निघाली, 'चालू घडामोडींचा वृत्तान्त'. पहिला अंक टाइप केला नताल्या गोर्बानेव्हस्काया या कवयित्रीने. संपादकाचे नाव नाही, पत्ता नाही, वर्गणी नाही. पातळ कागदांच्या चळतीत कार्बन घालून टाइप करायचे. ज्याला प्रत मिळेल त्याने वाचून पुन्हा तशीच चळत घालायची. मजकूर कोणाला अटक झाली, कोणाची झडती झाली, कोण कुठल्या छावणीत आहे, एवढाच. विशेषणे नाहीत. आणि वाचकाला बातमी द्यायची असेल तर? त्याच वर्षीच्या पाचव्या अंकात सांगितले आहे: ज्याच्याकडून अंक मिळाला त्याला सांगा, तो त्याला ज्याने दिला त्याला सांगेल. पण साखळी उलटी शोधत संपादकापर्यंत जायला निघू नका, लोक तुम्हांला खबऱ्या समजतील!

क्लार्कच्या प्रबंधाआधी तीस-एकतीस वर्षे हे सारे फ्रीनेट कार्बन पेपरवर चालू होते. गोर्बानेव्हस्कायाला डिसेंबर १९६९ मध्ये पकडून पुढे वेड्यांच्या इस्पितळात डांबले, पण पत्रिका जवळजवळ पंधरा वर्षे चालली आणि साठांहून अधिक अंक निघाले.

हे वाचता वाचता एके दुपारी मला एकदम शाईचा वास आला. खराखुरा नव्हे, १९७६ सालचा.

आणीबाणी चालू होती. मी तीस वर्षांचा, नुकताच कायम झालेला कारकून. राजकारणाशी माझा संबंध ब्राझीलइतकाच. पण ऑफिसातल्या एका गृहस्थांनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके माझ्या पिशवीत सरकवले. म्हणाले, "गुरुवारी एक जण घरी येईल. 'दळण झालं का' म्हणून विचारील. त्याला द्या." आत सायक्लोस्टाइल केलेली पत्रके होती, वर्तमानपत्रांत येत नव्हते ते. ती कोणी लिहिली, कुठे छापली, मला ठाऊक नव्हते. गुरुवारी येणारा ती कुठे नेतो तेही ठाऊक नव्हते. मला दोनच माणसे माहीत, एक अलीकडचा, एक पलीकडचा. हा प्रकार चार महिन्यांत सहा वेळा झाला. मी शूर होतो असे नव्हे. नाही म्हणायचा धीर झाला नाही, एवढेच.

पुडके मी स्वयंपाकघरातल्या फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवत असे. फडताळाची किल्ली आईच्या कमरेला. एकदा पुडके आत असतानाच बिऱ्हाडात हवालदार आला. आला होता वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची चौकशी करायला. पण तो दारात दिसताच माझे हातपाय गेले. आईने त्याला बसायला पाट दिला, पाणी दिले, गूळ दिला. गूळ त्याच फडताळातून काढला. फडताळ उघडले, गुळाचा डबा घेतला, फडताळ लावले, किल्ली कमरेला. हवालदार गूळ खाऊन गेला.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. त्यानंतर मी आईला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"पुडकं आहे एवढं ठाऊक होतं," आई म्हणाली.

"आत काय ते पाहिलं नाहीस?"

"मुद्दामच पाहिलं नाही. मला मेलीला खोटं बोलता येत नाही. त्यानं विचारलं असतं तर 'बाबा, मला ठाऊक नाही' हे खरं तरी सांगता आलं असतं."

क्लार्कला याच मुद्द्याचा प्रबंध लिहून 'बी' मिळाली. आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला कोणी कुठलीच श्रेणी दिली नाही.

ही गोष्ट मी त्या रात्री जेवताना पुतण्याला आणि हिला सांगितली. पुतण्याने घास तसाच हातात धरला. मला वाटले, आता डिस्कमधली जागा द्यायला हीची हरकत राहणार नाही. पण ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "सासूबाईंचं बरोबर होतं. पण त्यांनी पुडकं कुणाचं ठेवलं? पोटच्या पोराचं. आत काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही, पण आणणाऱ्याचं तोंड पाहिलं होतं. तुमच्या त्या फ्रीनेटात तोंड कुणाचं दिसतं?"

यावर पुतण्याला उत्तर सुचले नाही, मलाही नाही. फ्रीनेटवाल्यांनाही ते सुचायला आणखी वेळ लागला. मे २००८ मध्ये त्यांनी ०.७ ही आवृत्ती काढली. तिच्यात मोठी सुधारणा काय, तर वाटल्यास आपण फक्त ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांशीच जोडून घ्यावे. त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांशी. पुतण्याने ही बातमी मला फोनवर सांगितली, मी हिला सांगितली. ती म्हणाली, "मग? एवढं शिकून चार वर्षं लागली?"

ते फ्रीनेट अजून आहे. २०२३ मध्ये त्याने नाव बदलून 'हायफानेट' असे घेतले. २०१४ पासून 'अनियनशेअर' नावाची एक सोय आहे, माइका ली यांनी केलेली; तिच्यात एखादे फोल्डर मध्ये कोणाला न घेता, टॉरच्या बुरख्यातून, एका माणसाच्या हातात ठेवता येते. म्हणजे फिरून आपले पुडके आणि गुरुवारचा माणूस! आमच्या डिस्कमधली जागा शेवटी आम्ही दिली नाही. पुतण्याने स्वतःच्या संगणकावर दिली आणि कोणाकोणाला शेजारी घेतले ते त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. मलाही खोटे बोलता येत नाही.

आमचे 'घर' मात्र त्याच दिवशी बंद केले. बँकेचे आकडे एका वहीत उतरवले आणि वही फडताळात, बरणीमागे ठेवली. माधुरीचे लग्न २००६ मध्ये सांगलीच्या मुलाशी झाले. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे. ब्राझीलमधल्या त्या सद्गृहस्थाच्या संगणकावर मात्र ती अजूनही बी.कॉम., वय तेवीस, विणकामाची आवड, अशीच असेल. मध्यंतरी तिने ती फाइल परत मागवता येईल का, असे विचारले होते. मी तिला टिंडेलची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, निदान त्यातला 'रंग निमगोरा' तरी काढायला सांगा."